मधल्या खोलीचं बटन

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. पुढची खोली रस्त्याकडे उघडायची, मागचं स्वयंपाकघर परसातल्या नळाकडे, आणि या दोन्हींच्या मधे ही एक, चारी भिंतींच्या कुशीत दडून बसल्यासारखी. छताला फळ्या मारलेल्या होत्या. एका कोपऱ्यात हातभर चौकोन मोकळा सोडून त्याच्यावर काचेचं कौल बसवलेलं होतं. त्या कौलातून सकाळी दहाच्या सुमाराला उन्हाचा एक कवडसा खाली उतरायचा, आधी ट्रंकांवर, मग जमिनीवर, मग जेवणाच्या वेळेला आईच्या खाटेच्या पायथ्याशी. तिथून तो तिच्या पायांवरून, पोटावरून वर सरकत जायचा आणि चारच्या आसपास भिंतीवर चढून नाहीसा व्हायचा. मंगळवार पेठेतल्या त्या अडीच खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही घड्याळ फारसं बघत नसू. आईला त्या कवडशावरून वेळ कळायची, आणि आम्हाला आईकडून.

ती खाटेवर होती ते वर्ष मला आजही नीट सलग आठवत नाही. पाण्याखाली डोळे उघडल्यावर दिसावं तसं ते दिसतं. हिरवट, हलणारं, आवाज लांबून येणारे. घाटावर धुणं धुताना आईचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आधी काही आठवडे पायाला वजन लावून ठेवलं होतं, मग वजन गेलं, पण उठायचं नाही, कुशीला वळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढची खोली थेट रस्त्यावर. येणारा-जाणारा डोकावून बघणार, म्हणून आई तिथं झोपायला तयार नव्हती. स्वयंपाकघरात खाट मावत नव्हती. राहिली ही मधली खोली. मी तेव्हा दहावीत होते. वडील, म्हणजे आबा, एस.टी.वर ड्रायव्हर. एक दिवसाआड त्यांची आजऱ्याची मुक्कामाची गाडी असायची. दुपारी जायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. आले की खाकी शर्टाला डिझेलचा आणि पिशवीला घनसाळ तांदळाचा वास. आजऱ्यात त्यांच्या ओळखीचं कुणीतरी होतं, ते मूठ-पसा तांदूळ द्यायचं. तो भात शिजायला लागला की शेजारीपाजारी विचारायचे, आज आबा आले वाटतं.

शाळा दुपारची. निघताना मी आईच्या उशाला पाण्याचा लोटा, वाटीत भिजवलेले शेंगदाणे, हातपंखा आणि लघवीचं भांडं ठेवून जायची. शाळा नसेल त्या दिवशी तिच्या शेजारी जमिनीवर आडवी पडायची. आम्ही दोघी छताकडे बघत राहायचो. पावसाळ्यात पाणी झिरपून फळ्यांवर डाग पडले होते, तपकिरी, कडांना गडद. आई म्हणायची, "ती बघ, ती पंचगंगा. हितनं वळती. आणि तो मोठा डाग कृष्णा. तिथं कोपऱ्यात दोघी मिळत्यात, तिथं आमचं कुरुंदवाड." मी विचारायची, "आणि आपलं घर?" ती बराच वेळ शोधायची आणि एखाद्या खिळ्याच्या डोक्याकडे बोट दाखवायची. बाहेर कोपऱ्यावर दूध विकायला आणलेल्या म्हशी येऊन उभ्या राहिलेल्या असायच्या, धारा काढल्याचा आवाज रिकाम्या चरवीत आधी कडक वाजायचा आणि मग मऊ होत जायचा. पलीकडच्या गल्लीत चटणीचं कांडप चालू झालं की सगळी पेठ शिंकायची. आई शिंकताना खुब्याला हात लावून धरायची. हे सगळं मी लिहिते आहे तेव्हा माझी नात शेजारी बसून भिंतीवरच्या कुठल्याशा यंत्राला 'लाइट बंद कर' असं तोंडी सांगते आहे आणि ते ऐकतं आहे. तिला मी काय सांगू, की एका दिव्यासाठी आमच्या घरात काय घडलं होतं.

तर तो दिवा. छताच्या मध्यावर चिनी मातीचा पांढरा गोल, त्यातून हातभर वायर, खाली पितळी होल्डर आणि वर हिरव्या पत्र्याची छत्री. भिंतीवर बटन नव्हतं. होल्डरच्याच बगलेला एक चपटी चावी होती, ती फिरवली की दिवा लागायचा. त्यासाठी स्टुलावर चढावं लागे. आई चालती होती तेव्हा दिवेलागणीला पदर खोचून ती स्टुलावर चढायची आणि चावी फिरवून उतरताना हात जोडायची. आम्हाला ते घराचं रोजचं कामच वाटायचं, केर काढण्यासारखं. ती पडल्यावर हे काम माझ्याकडे आलं. दिवा लावून शाळेत जावं तर तो नेमका तिच्या डोळ्यांवर यायचा. दिवसभर डोळ्यांवर बल्ब घेऊन पडलं की तिचं डोकं उठायचं, ओकारी यायची. म्हणून मी निघताना दिवा बंद असायचा. कवडसा असेपर्यंत तिला उजेड, तो गेला की मी येईपर्यंत काळोख. मी सहाला यायची. दोन तास. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही. कारण काही नव्हतं. मैत्रीण म्हणाली, चल रंकाळ्यावर, आणि मी गेले. आम्ही तळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलो, कागदाच्या पुडीतला भडंग एकेक दाणा खात. पाण्यावर ऊन उतरत होतं. आधी पिवळं, मग केशरी, मग तांब्याच्या भांड्यासारखं लाल, आणि कडेच्या लव्हाळ्यांतून कुठलेसे पक्षी उठून पुन्हा तिथेच बसत होते. मला उठवेना. घर, खाट, औषधाचा वास, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटत होतं. सगळं लाल मावळून गेलं, रस्त्यावरचे दिवे पाण्यात लांब होऊन हलायला लागले, तेव्हा मी दचकले आणि पळत सुटले.

घरात मिट्ट काळोख होता. मी चाचपडत स्टूल ओढलं, चढले, चावी फिरवली. खाटेखाली लोटा आडवा पडला होता आणि पाणी पार ट्रंकांपर्यंत गेलं होतं. आईचा एक हात खाटेबाहेर लोंबत होता, पदर ओला होता, आणि ती अर्धवट वाकडी झाली होती. उठायचा प्रयत्न केला होता तिनं. चेहरा ओला होता, पण तो पाण्यानं नव्हता. मला बघून म्हणाली, "आलीस? हातपाय धू आधी."

"आई, काकींना हाक मारायची की गं," मी म्हणाले. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. भिंतीपलीकडे एकट्या राहायच्या.

"मारली की. दार बंद असतंय त्यांचं. ऐकू गेली नसंल." मग मी तिला सरळ करत असताना, छताकडे बघत ती म्हणाली, "अंधार झाला की घर मोठं होतं गं सुमे. भिंती कुठं हाईत तेच कळत न्हाय. आपण कुठंतरी तरंगायलोय असं वाटतंय. तुझ्या आबास्नी सांगू नको."

मी आबांना सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी एक पोस्टकार्ड घेतलं आणि कुरुंदवाडला इंदूमावशीला लिहिलं. दोनच ओळी. आईला एकटीला अंधारात राहावं लागतं. तू ये.

मावशी आईची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याचं शेतावरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळलेल्या मोटारीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरायचे, हे काम. नवऱ्याचे हात थरथरायला लागले तेव्हापासून वेढे मावशीच भरायची, आणि दुकानावर येणारे शेतकरी सुरुवातीला तिच्याकडे बघून 'मालक कुठं हाईत?' असं विचारायचे आणि मग विचारेनासे झाले. तिच्या लुगड्याला नेहमी व्हार्निशचा वास असायचा. ती आली, पिशवी खाली ठेवली, आईजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि छताकडे बघून म्हणाली, "अक्का, ह्या दिव्याला बटन कुठाय?"

"न्हाय," आई म्हणाली.

"न्हाय म्हंजे?"

त्या संध्याकाळी आबा घरी होते. मावशीनं जेवताना विषय काढला. "दाजी, अक्काच्या उशाला एक बटन बसवूया. दोन तासांचं काम हाय. मी करतो." आमच्याकडे बायकामुलीही मी करतो, मी जातो असंच बोलतात. बाहेरगावचे लोक हसतात, आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही. आबांचा घास तसाच राहिला.

"नको," ते म्हणाले. "चाललंय की. तिच्या उशाला कशाला आणायची वीज?"

ते असं का म्हणतात, हे मावशीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आबा मुरगूडकडचे. लहान असताना वादळात त्यांच्या बांधावर तार तुटून पडली होती. आधी बैल पडला, आणि बैलाला सोडवायला धावलेला त्यांचा चुलता त्याच्या शेजारी पडला. आबा दहा पावलांवर उभे होते. धो धो पावसात घाटातून भरलेली गाडी एका हातानं वळवणारा हा माणूस दिव्याची चावी फिरवताना बोटांना रुमाल गुंडाळायचा, पायाखाली कोरडी फळी घ्यायचा आणि दिवा लागेपर्यंत श्वास धरायचा. आम्ही त्याबद्दल कधी बोलत नसू. घरात एखाद्याला कमी ऐकू येतं तेव्हा बाकीचे आपोआप मोठ्यानं बोलतात, तसं आम्ही ते सांभाळून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी आबा आजऱ्याला गेले. मला शाळेला सुट्टी होती. दार लागल्याबरोबर मावशीनं पिशवी उपडी केली. टेस्टर, पक्कड, छिन्नी, काळं बटन, लाकडी पट्ट्या, लाल आणि काळ्या वायरचं वेटोळं. सगळं कुरुंदवाडहून बरोबर घेऊनच आली होती. आई म्हणाली, "इंदे, त्यास्नी कळलं तर?"

"कळणारच की. दिवा का झाकून ठेवायचाय?" मावशी म्हणाली. "डोळं मीट. हात वर कर. असाच, सहज. झोपंत करशील तसा."

आईनं डोळे मिटले आणि उजवा हात उशामागे नेला. बोटं भिंतीला टेकली. मावशीनं मला कोळसा दिला आणि मी त्या बोटांच्या टोकाशी एक फुली काढली. आईनं डोळे उघडून मान मागे वळवायचा प्रयत्न केला, पण फुली तिला दिसली नाही. तिनं फक्त बोटानं ती चाचपली. बोट काळं झालं.

मावशीनं मला नुसतं बघू दिलं नाही. छिन्नी माझ्याच हातात दिली. मातीची भिंत, आत बोट जाईल एवढं भोक पाडायचं, त्यात लाकडाची गुट्टी ठोकायची, गुट्टीवर गोल ठोकळा आणि ठोकळ्यावर बटन. छतापासून फुलीपर्यंत लाकडी पट्टी, पट्टीवर चिमट्यांखाली दोन वायरी. आईच्या अंगावर माती पडू नये म्हणून तिच्यावर जुनी सतरंजी पांघरली होती. सतरंजीखालून ती विचारायची, "कुठंवर आलं?" आणि मी सांगायची, "पंचगंगा ओलांडली." कवडसा तिच्या पोटावर आला होता आणि त्यात धुळीचे कण इतके सावकाश तरंगत होते, की मला वाटत होतं ही दुपार आता संपणारच नाही. मावशी खालच्या आवाजात शिकवत होती. "दोन तारा असत्यात. एकीतनं येती, दुसरीतनं जाती. येणारीला मधी तोडायचं आणि बटनातनं फिरवून परत जोडायचं. जाणारीला हात लावायचा न्हाय. जाणारीवर बटन लावलं तर दिवा इझतो, पण वर वीज तशीच दबा धरून बसती." माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं स्पष्ट काही सांगितलं नव्हतं. गणिताच्या बाई नाहीत, देवळातले कीर्तनकार नाहीत.

खालचं काम झालं. मावशीनं पुढच्या खोलीतल्या मीटरखालचे दोन्ही फ्यूज ओढून काढले आणि कमरेला खोचले. "म्हंजे दुसरं कुणी लावायला नको." मग मला म्हणाली, "चढ."

मी स्टुलावर चढले. पांढऱ्या गोलाचं झाकण फिरवून काढलं. आत दोन तारा, पितळी स्क्रूखाली वळवलेल्या, इतक्या वर्षांच्या धुळीनं मळलेल्या. मी पक्कड पुढे केली.

"थांब," मावशी म्हणाली. "आधी टेस्टर."

"फ्यूज काढलाय की."

"काढलं तरी लावायचा. रोज. जलमभर."

मी टेस्टरचं टोक तारेला टेकवलं आणि वरच्या टोकावर बोट ठेवलं. आतला चिमुकला दिवा लागला. तांबडा, डाळिंबाच्या दाण्याएवढा. मी बघतच राहिले. तो मला सुंदर वाटला, हे आज लिहायला लाज वाटत नाही. मग मावशीचा आवाज आला, एकदम हलका, जसा साप दिसल्यावर माणूस बोलतो तसा. "सुमे, हात मागं घे. हळू. उतर."

मी खाली उतरले. मावशीनं मला पाणी दिलं आणि स्वतः वर चढून तारेचा माग काढला. तार आमच्या मीटरकडे जातच नव्हती. फळीच्या कडेकडेनं जाऊन भिंतीतल्या एका नळीतून पलीकडे गेली होती. कधीतरी दोन्ही घरं एक असताना ओढलेली लाइन. आमच्या मधल्या खोलीत काकींच्या घरातून वीज येत होती, आणि दोन्हीकडच्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

"आता?" आईनं विचारलं.

"आता काकीस्नी सांगायचं."

काकींचा नियम होता, भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडरसुद्धा आम्ही दाराच्या कडीला अडकवत असू. मी हात धुतले, फ्रॉकवरची माती झटकली आणि पलीकडच्या दाराची कडी वाजवली. काकींनी दार अर्धं उघडलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, भोकासकट.

"माझ्या भिताडाला भोक पाडलंस?"

"व्हय काकी."

"कुणाला इचारून?"

मी म्हणाले, "आई अंधारात पडून असती, काकी. मी शाळेतनं येईपर्यंत. गेल्या आठवड्यात पाणी सांडलं तिचं. तिनं तुम्हाला हाक मारली हुती."

आत त्यांच्या घरात टेबलावर दिवा जळत होता, दुपारीसुद्धा. "कवा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, आत गेल्या, खटकन मेन पाडल्याचा आवाज आला आणि टेबलावरचा दिवा गेला. परत आल्या तेव्हा फ्यूज त्यांच्या मुठीत होता. "चल," म्हणाल्या.

भाडेकरू म्हणून आम्ही राहायला आलो त्याला कित्येक वर्षं झाली होती, पण काकी आमच्या मधल्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. आई बिचारी सतरंजीखालून उठायला बघत होती. काकींनी तिला खांद्याला धरून खाली दाबलं. मग काकी म्हणाल्या, "ऐकली हुती मी हाक. मला वाटलं रस्त्यावरनं कोण पोरं वरडायलीत." आणि मुठीतला फ्यूज तसाच घट्ट धरून त्या छताकडे बघू लागल्या.

मी पुन्हा चढले. टेस्टर लावला. दाणा लागला नाही. दुसऱ्या तारेलाही लावला, मग पुन्हा पहिलीला. मावशी म्हणाली, "आता." मी तार सोडवली, साफ केली, नव्या लाल वायरीचं टोक तिच्याशी पिळलं. वायर मऊ होती आणि तांबं कोरं, चकचकीत. मावशी खालून सांगत होती, एकेक शब्द, "उजवीकडं पीळ. अजून. आता चिकटपट्टी गुंडाळ."

आणि दार उघडलं. आबा.

त्यांची ड्यूटी ऐनवेळी बदलली होती. हातात पिशवी, तिच्यात आजऱ्याहून आलेल्या गाडीवाल्यानं स्टँडवरच दिलेला तांदूळ, पायात बूट. खोलीच्या उंबऱ्यात ते उभे राहिले आणि त्यांनी मला बघितलं, स्टुलावर, दोन्ही हात वर, दोन्ही हातांत तारा. पिशवी पडली. तांदूळ सांडला. "सुमे!" असा जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता. तो फार लहान मुलाचा आवाज होता. "उतर! उतर खाली! इंदू, माझ्या पोरीला..."

"ओरडू नका."

हे आई म्हणाली. मोठ्यानं नाही. पण आबा थांबले.

"ओरडू नका, तिचा हात हलंल. वीज काढल्याली हाय. काकींच्या मुठीत हाय बघा." काकींनी मूठ उघडून दाखवली, आणि लगेच पुन्हा मिटली. आई बोलतच राहिली, छताकडे बघत, जणू नद्या वाचून दाखवत होती. "मला ते बटन पायजे. लगीन होऊन आल्यापास्नं मी तुमच्याकडं काय मागितलंय? हे मागतो. गेल्या आठवड्यात तुम्ही आजऱ्याला हुता. तीन तास मी अंधारात पडून हुतो. पाणी सांडलं. उठायला गेलो आणि अर्धवट लटकून ऱ्हायलो. तवा मला वाटलं, आता काय वाईट हुयाचं ते हुतंय. तुमची भीती मला ठावं हाय. मी कधी त्यावर बोललो न्हाय. पण माझीबी एक भीती हाय, ती तुम्ही ऐका."

मी वर तशीच उभी होते, तारा हातात धरून. खाली बघायचं धाडस नव्हतं. मग पायांजवळ काहीतरी हललं. आबांनी बूट काढले होते आणि ते सांडलेल्या तांदळावरून चालत स्टुलाजवळ आले होते. त्यांनी खाली बसून स्टुलाचे दोन पाय दोन हातांनी धरले आणि डोळे मिटून घेतले. "कर," ते म्हणाले. "मी धरलंय."

मी चिकटपट्टी गुंडाळली. झाकण फिरवून बसवलं. होल्डरची जुनी चावी मावशीनं चालू करून ठेवायला सांगितली, ती आता कायमची चालूच राहणार होती. काकी पलीकडे गेल्या. मेन चढवल्याचा आवाज भिंतीतून आला. कवडसा एव्हाना भिंतीवर चढला होता, खोली निळसर झाली होती. आईनं डोळे मिटले, हात उशामागे नेला. बोटं सरळ तिथेच गेली.

टक्.

दिवा लागला. हिरव्या छत्रीखालचा तोच जुना पिवळा दिवा, रोज मी लावायची तोच. पण आईनं डोळे उघडून त्याच्याकडे असं बघितलं, की मलाही तो पहिल्यांदाच दिसला. खालून आबांचा आवाज आला, "सोडू का आता?" मी कधीच खाली उतरले होते. ते रिकामं स्टूल धरून बसले होते, डोळे अजून मिटलेलेच.

पुढचं सगळं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. चार महिन्यांनी आई काठी धरून उभी राहिली आणि पुढे किती तरी वर्षं चालली. मी आय.टी.आय.ला वायरमनच्या वर्गाला नाव घातलं. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म परत सरकवून म्हटलं, "शिवणकाम पलीकडच्या खिडकीला." आबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी फॉर्म पुन्हा आत सरकवला आणि म्हणाले, "पोरगीनं वाचूनच लिवलंय ते. तुम्हीबी वाचा." वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढची पस्तीस वर्षं मी या शहरातल्या किती घरांच्या भिंतींवर फुल्या काढल्या त्याची मोजदाद नाही. प्रत्येक ठिकाणी आधी विचारायची, ही खोली कुणाची, आणि मग त्या माणसाला डोळे मिटून हात पुढे करायला सांगायची. लोकांना गंमत वाटायची. आबांनी मात्र शेवटपर्यंत विजेला हात लावला नाही. ते माझं स्टूल धरायला यायचे, सुट्टीच्या दिवशी.

पण मला लिहायचं होतं ते त्याच संध्याकाळचं. मावशीनं जमिनीवरून गोळा केलेला तांदूळ निवडून, धुऊन शिजवला होता. सगळ्या घरभर त्याचा वास पसरला होता. वांग्याची भाजी, आमटी, आणि काकींनी वाटीभर खरवस आणून दिला होता. आम्ही तिघं खाटेच्या बाजूला पाट मांडून जेवत होतो, आई खाटेवर, डोक्याखाली एक जादा उशी घेऊन, ताट पोटावर ठेवून. आबा मधेच दिव्याकडे आणि मग पट्टीवरून खाली बटनाकडे बघत होते, एखाद्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे. मावशी कुरुंदवाडच्या कुणाची तरी हकीगत सांगत होती.

एकदम दिवा गेला.

"बल्ब उडाला वाटतं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात लगेच ताण आला. मी उठायला लागले, तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि दिवा लागला. आई ताटात बघून भात कालवत होती. आम्ही पुन्हा जेवू लागलो. मावशीनं हकीगत जिथं सोडली होती तिथून उचलली. टक्. काळोख.

आणि त्या काळोखात आई हसली. आधी दाबून, मग दाबवेना म्हणून मोकळी, खुब्याला हात लावून 'आई गं' म्हणत, आणि तरीही हसत. मावशी हसायला लागली. मी हसायला लागले. भिंतीपलीकडून काकींनी विचारलं, "काय झालं गं?" आणि आम्ही आणखीच हसलो.

"अगं, लाव की आता," आबा म्हणाले. हातातला घास त्यांनी तसाच अधांतरी धरला असणार. "ताट दिसंना."

"लावतो," आई अंधारातून म्हणाली. "माझ्या मनाला येईल तवा."